जयगाव, धुये, अमयनेर : मराठीने दिल्लीकडे मागितलेला न्याय खानदेशाला का नाही?

१/
जळगाव, धुळे, अमळनेर. खानदेशातील या तिन्ही गावांच्या नावांत ‘ळ’ आहे आणि त्यांच्या भोवतालच्या शेतकऱ्याच्या तोंडी तो नाही. तो जयगाव म्हणतो, धुये म्हणतो, अमयनेर म्हणतो. सरकारी पाटीवरचे नाव एक, माणसांच्या तोंडचे दुसरे. राष्ट्र बांधताना लहान भाषांचे काय करायचे, हा लोकशाहीचा जुना प्रश्न या एका अक्षराच्या फटीत अडकून पडला आहे. त्याचा हा धागा.

२/
भाषिक अन्यायाची चर्चा महाराष्ट्रात निघाली की फिर्यादीच्या जागी नेहमी मराठी असते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात दिल्ली, बंगळूर किंवा हिंदी. पुष्कळदा ती फिर्याद खरीही असते. परंतु सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांमधल्या तापीच्या खोऱ्यात जागा बदलतात. तेथे राज्य मराठीचे आहे, शाळा मराठीची आहे आणि दाद मागणारी भाषा दुसरीच आहे.

३/
ती भाषा अहिराणी. धुळे जिल्हा, जळगावचा पश्चिम भाग, नंदुरबारचा काही भाग आणि नाशिकमधील बागलाण-मालेगावचा पट्टा हे तिचे घर. मराठीचा ‘आहे’ तेथे ‘शे’ होतो. माझा म्हणजे ‘मना’, तुझा म्हणजे ‘तुना’. मुलगा ‘आंडोर’, मुलगी ‘आंडेर’. षष्ठीचा ‘चा-ची-चे’ हा मराठीची ओळखखूण मानला जातो. अहिराणीत त्या जागी ‘ना-नी-नं’ उभा आहे, गुजरातीशी नाते सांगणारा.

४/
तिच्या शेजारी आणखी भाषा नांदतात. जळगाव-यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी, बारेली आणि तडवी, साक्री-नवापूरकडे मावची, तांड्यांवर गोरमाटी. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्याची जवळजवळ एकतृतीयांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. शालेय नकाशात मात्र हा सारा मुलूख एकाच रंगात रंगवलेला असतो : मराठी.

५/
अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? वाद जुना आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा. खानदेशी त्या खंडात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांबरोबर आहे. तो भाग १९०७ साली निघाला. अनेक मराठी अभ्यासकांना ही विभागणी मान्य नाही आणि त्यांच्या बाजूनेही मुद्दे आहेत. पण याच सर्वेक्षणातली एक गोष्ट डोळे उघडणारी आहे.

६/
ग्रिअर्सनने कोकणीला मराठीच्या खंडात घातले होते. आज काय स्थिती आहे? १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. ज्या भाषेला सर्वेक्षणाने मराठीच्या आत ठेवले ती भाषा ठरली. जिला मराठीच्या बाहेर ठेवले ती अजून ‘बोली’च आहे. भाषा आणि बोली यांतली सीमा व्याकरण आखत नाही, सत्ता आखते. कोकणीच्या पाठीशी राज्य होते. अहिराणीच्या पाठीशी फक्त माणसे आहेत.

७/
ती माणसे किती? २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या स्वतंत्र शीर्षकाखाली १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. त्यांतील बहुतांश अहिराणीचे आणि बहुतांश महाराष्ट्रातले. त्याच जनगणनेत मणिपुरी १७ लाख ६१ हजार, बोडो १४ लाख ८३ हजार, संस्कृत २४ हजार ८२१. या तिन्ही भाषा आठव्या अनुसूचीत आहेत आणि त्या तेथे असण्याला कोणाची हरकत असू नये. प्रश्न इतकाच की खानदेशीला कोणत्या निकषावर बाहेर ठेवले आहे?

८/
भिलीची गोष्ट तर याहून मोठी. ‘भिली-भिलोडी’ या शीर्षकाखाली २०११ मध्ये एक कोटी चार लाख भाषक मोजले गेले. अनुसूचीबाहेरच्या भाषांत हा देशातला सर्वांत मोठा आकडा. पण हा समाज राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत वाटला गेला. एक कोटींची भाषा चारही ठिकाणी अल्पसंख्य झाली. भाषावार प्रांतरचनेने ज्यांना राज्य दिले त्यांचे भले झाले. ज्यांच्या मुलखावरून सीमारेषा गेली त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

९/
खानदेशीच्या आकड्यांचा आणखी एक चमत्कार पाहण्यासारखा आहे. १९९१ मध्ये सुमारे ९ लाख ७४ हजार, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट होणारी आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी घटणारी लोकसंख्या जगात कोठे नसते. हा आकडा माणसांचा नाही, नोंदीचा आहे. प्रगणक काय विचारतो, दारातला माणूस काय सांगतो, कार्यालयात त्याचे वर्गीकरण कसे होते, यावर भाषेचे आयुष्य टांगलेले असते.

१०/
वर्गीकरणाची गिरणी कशी चालते? २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि त्या शेवटी १२१ भाषांखाली बसवल्या गेल्या. हिंदीच्या ५२ कोटींत भोजपुरीचे पाच कोटी कसे मोजले जातात, हे मराठी भाष्यकार मोठ्या चवीने सांगतात. बरोबरच सांगतात. पण अहिराणी बोलणाऱ्या माणसाने संकोचाने ‘मराठी’ सांगितले आणि तसे लिहिले गेले, की त्याच चवीने बोलणारे कोणी उरत नाही.

११/
आता राज्यघटना. कलम २९ : स्वतंत्र भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क. कलम ३० : भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-क : भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्यासाठी राज्याने झटावे. कलम ३५०-ख : या रक्षणांवर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी. कागदावर तटबंदी भक्कम आहे.

१२/
तिचे दार मात्र अरुंद आहे. अल्पसंख्य ठरण्यासाठी आधी वेगळी भाषा म्हणून मान्यता मिळावी लागते. अहिराणीची अडचण नेमकी तेथे. दिल्लीच्या जनगणनेत ती मराठीहून वेगळी भाषा, मुंबईच्या शिक्षणखात्यात ती मराठीची बोली. वेगळी म्हणून संरक्षण मागायला गेली तर ‘तू तर मराठीच’ असे उत्तर. मराठी म्हणून वर्गात बोलली तर ‘हे अशुद्ध’ असा शेरा. दोन्ही घरची पाहुणी उपाशी, ती अशी.

१३/
१९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक साधे सूत्र मान्य केले होते : वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले एखाद्या मातृभाषेची असतील तर तिच्यातून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी. हे सूत्र शिरपूर, साक्री, चोपडा, यावल तालुक्यांतल्या शाळांना लावून पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या कित्येक पाड्यांवर अख्खा वर्गच पावरी किंवा भिली बोलणारा असतो. दहाची अट तेथे पहिल्या बाकावरच पूर्ण होते.

१४/
बालभारती आठ भाषांतून पाठ्यपुस्तके काढते : मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी. ही महाराष्ट्राची उदारता खरी आहे आणि तिचा अभिमानही वाटावा. राज्यात सिंधी भाषक सात लाखांच्या आसपास आहेत, त्यांना त्यांचे पुस्तक मिळते, ते मिळालेच पाहिजे. पण या आठांत महाराष्ट्राच्या मातीतल्या एकाही आदिवासी भाषेचे नाव नाही आणि खानदेशीचेही नाही. फाळणीनंतर दूरवरून आलेल्या भाषेला घर मिळाले. घरातली भाषा ओसरीवरच राहिली.

१५/
याची किंमत सहा वर्षांचे मूल मोजते. अहिराणी घरातले मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणते, काळ्याला ‘काया’ म्हणते. हा उच्चारदोष नाही, हा त्या भाषेचा नियम आहे आणि तो नियम ते मूल काटेकोरपणे पाळत असते. पण वर्गात पहिल्या आठवड्यात त्याला समजते ते एवढेच, की आई चुकीचे बोलते. ज्या दिवशी हे समजते त्या दिवसापासून ते वर्गात कमी बोलू लागते. फळ्यावर हे दिसत नाही आणि हजेरीपटात त्यासाठी रकाना नसतो.

१६/
अहिराणी मूल निदान अर्धे तरी समजून घेते. पावरी मुलापुढची भिंत पुरती उंच आहे. पहिलीत त्याला एकाच वेळी अक्षर शिकायचे असते आणि ते अक्षर ज्या भाषेचे आहे ती भाषाही शिकायची असते. भरीला २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. हे मूल मागे पडले की दोष पाड्याला, पालकांच्या स्थलांतराला, ‘शिक्षणाची आवड नसण्याला’ दिला जातो. भाषेला कोणी विचारत नाही.

१७/
आता थोडे मागे, १९४८ मध्ये. भाषावार प्रांत करावेत का, हे ठरवण्यासाठी धर आयोग नेमला गेला. आयोगाचा निष्कर्ष : भाषेच्या आधारावर प्रांत करणे राष्ट्राच्या व्यापक हिताचे नाही. पुढच्या वर्षी नेहरू, पटेल आणि पट्टाभी यांच्या समितीनेही सबुरीचा सल्ला दिला. फाळणीची जखम ओली होती, राष्ट्रबांधणी चालू होती आणि भाषेची मागणी ही फुटीची पहिली पायरी वाटत होती. ती भीती खोटी नव्हती, पण निदान चुकले होते.

१८/
मराठी माणसाने त्या निदानाला रस्त्यावर उत्तर दिले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे प्राणाला मुकली आणि १ मे १९६० ला राज्य झाले. त्या लढ्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : भाषेला मान दिल्याने राष्ट्र तुटत नाही, बळकट होते. पुढच्या काळाने ते खरे ठरवले. भाषावार राज्यांनी भारत फोडला नाही, तगवला.

१९/
पण बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ सालीच भाषावार राज्यांवरच्या आपल्या ग्रंथात एक धोका दाखवून दिला होता. एका भाषेचे राज्य झाले की त्या राज्यात बहुसंख्य समाजाचे वर्चस्व घट्ट होते आणि लहान गट त्याच्या दयेवर राहतात. तो इशारा प्रामुख्याने जातीच्या बहुमताविषयी होता. भाषेच्या बाबतीत तो तितकाच लागू आहे. राज्य मिळवणारी भाषा त्या दिवसापासून स्वतः सत्ताधारी होते. काल तिने जे मागितले ते आज तिला द्यायचे असते.

२०/
२०२५ चा वाद ताजा आहे. १६ एप्रिलच्या शासननिर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाला. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘सर्वसाधारणपणे’ असा शब्द आला, आणि दुसरी भाषा हवी असल्यास वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत अशी अट. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मराठीने ही लढाई जिंकली. ती जिंकायलाच हवी होती.

२१/
ती कोणत्या युक्तिवादावर जिंकली? कोवळ्या वयात अनोळखी भाषेचे ओझे नको. आधी मातृभाषा पक्की होऊ द्या. भाषा सक्तीने नाही, गरजेने आणि प्रेमाने वाढते. यातला प्रत्येक शब्द खरा आहे, म्हणूनच तो मुंबईपाशी थांबत नाही. मराठी मुलाला हिंदी तिसरी झाली असती. शिरपूरच्या पावरी मुलाला ती चौथी झाली असती आणि पहिली कधी मिळालीच नसती. ही गोष्ट त्या उन्हाळ्यातल्या किती भाषणांत आली?

२२/
बेळगावकडे पाहावे. तेथला मराठी माणूस मराठी शाळा, मराठी कागदपत्रे, मराठी पाट्या मागतो, तेव्हा त्याच्या हातात कलम ३५०-क असते. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ही मागणी न्याय्य आहे. पण कलम ३५०-क बेळगावात लागू आणि धुळ्यात गैरलागू असे घटनेत कोठे लिहिलेले नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण घटनात्मक तत्त्व होऊ शकत नाही.

२३/
आणखी एक विरोधाभास सुरतेत सापडतो. पोटासाठी खानदेशातून हजारो कुटुंबे तेथे गेली. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, म्हणजे अहिराणी घरातले मूल तेथे ‘मराठी भाषिक अल्पसंख्य’ म्हणून सोयीला पात्र ठरते. तेच मूल शिंदखेड्याला आजीकडे परत आले की बहुसंख्य होते आणि त्याची घरची भाषा पुन्हा अदृश्य होते. परराज्यात त्याला अर्धी ओळख मिळते, स्वतःच्या जिल्ह्यात तीही नाही.

२४/
आता पूर्वपक्ष, एकेक करून. पहिला : ‘अहिराणीला लिपी नाही, प्रमाण रूप नाही, साहित्य नाही.’ मराठीचे आजचे प्रमाण रूपही आभाळातून पडलेले नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. आज चालणारे शुद्धलेखनाचे नियम विसाव्या शतकातले. पुण्याच्या बोलीला छापखाना, शाळा आणि सरकार मिळाले म्हणून ती प्रमाण झाली. प्रमाणता हा मान्यतेचा परिणाम असतो, तीच मान्यतेची अट करणे म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस असे सांगणे. देवनागरी अहिराणीला पुरते. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी शब्दकोश आहे, सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे नियतकालिक चालवले, संमेलने भरतात.

२५/
आणि साहित्य नसल्याचे म्हणणाऱ्यांनी जळगावजवळच्या आसोद्याकडे पाहावे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेत गेल्या नाहीत. त्यांची कविता लेवा बोलीतली, प्रमाण मराठीच्या उंबरठ्याबाहेरची. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली आणि महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बोलीतल्या कवयित्रीचे नाव कमानीवर आणि त्या बोलीत उत्तर देणारे मूल वर्गात ‘अशुद्ध’. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

२६/
दुसरा पूर्वपक्ष : ‘पालकांनाच नको आहे. त्यांना इंग्रजी हवी.’ खरे आहे, आणि मराठी पालकांनाही तीच हवी आहे. तरी त्या कारणाने मराठी शाळा बंद कराव्यात असे मराठीचे कैवारी म्हणत नाहीत. ते म्हणतात, प्रतिष्ठा द्या, चांगले शिक्षक द्या, मग पालक येतील. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भाषेची टिंगल झाली ती भाषा पालकाने मुलासाठी मागितली नाही, तर ती त्याची निवड नव्हे, तो त्याचा अनुभव आहे. शिवाय येथे मागणी मराठी किंवा इंग्रजी काढून टाकण्याची नाही. तेथवर पोचण्याचा पूल मागितला जात आहे.

२७/
तिसरा : ‘आज अहिराणी, उद्या वऱ्हाडी, परवा मालवणी. मराठीचे तुकडे होतील.’ २०११ मध्ये मराठीचे ८ कोटी ३० लाख भाषक होते. खानदेशी त्यांच्या सव्वादोन टक्के. इतक्यांना मान दिल्याने जी भाषा मोडेल ती मोडण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. आणि हा युक्तिवाद ओळखीचा वाटत असेल तर नवल नाही. १९४८ मध्ये दिल्लीने मराठीला हेच सांगितले होते, फक्त ‘मराठी’च्या जागी ‘राष्ट्र’ हा शब्द होता.

२८/
चौथा, सर्वांत जड : ‘एक भाषा नसेल तर राष्ट्र टिकत नाही. फ्रान्स पाहा.’ पाहू या. फ्रान्सने राज्यक्रांतीपासून प्रादेशिक भाषांना मागासलेपणाची खूण मानले, शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाजिरवाणी वस्तू अडकवली. फ्रेंच जिंकली, ब्रेटन मरणपंथाला लागली. पण भाषा लादून एकी साधण्याचा तोच प्रयत्न इतरत्र काय करून गेला? पाकिस्तानने उर्दूचा हट्ट धरला, २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात गोळ्या चालल्या, १९७१ मध्ये देश फुटला. श्रीलंकेने १९५६ मध्ये फक्त सिंहली राजभाषा केली, त्यातून वाढलेल्या दरीत १९८३ ते २००९ यादवी पेटत राहिली.

२९/
याउलट स्वित्झर्लंड. रोमान्श ही तेथली मूठभर लोकांची भाषा. मुसोलिनीच्या काळात इटलीतले राष्ट्रवादी म्हणू लागले की रोमान्श ही इटालियनची बोलीच आहे. म्हणजे बोलणारेही इटलीचे आणि मुलूखही. फेब्रुवारी १९३८ मध्ये स्विस जनतेने मतदान करून रोमान्शला राष्ट्रीय भाषेचा दर्जा दिला. बाजूने पडलेली मते दहांत नऊहून अधिक होती. संकटाच्या काळात देश एकत्र ठेवायचा तर सर्वांत लहान भाषेला जवळ घ्यावे, हे शहाणपण त्या शेतकऱ्यांच्या देशाला सुचले.

३०/
इतके दूर जाण्याचीही गरज नाही. ज्या कर्नाटकावर मराठी भाषकांशी आकस धरल्याचा आरोप महाराष्ट्र करतो, तेथे तुळूसाठी १९९४ पासून शासनाची स्वतंत्र साहित्य अकादमी आहे. २०११ मध्ये तुळूचे भाषक १८ लाख ४६ हजार, म्हणजे खानदेशीपेक्षा किंचित कमीच. ओडिशाने २००६ च्या सुमारास आदिवासी मुलांसाठी बहुभाषिक शिक्षण सुरू केले. आधी दहा, पुढे एकवीस भाषांत. आरंभी घरची भाषा, मग पायरीपायरीने ओडिया. ओडिया त्याने बुडाली नाही.

३१/
येथे अहिराणीच्या अभिमान्यांनाही एक प्रश्न विचारणे भाग आहे. गावात अहिराणी बोलणारा पाटील गावकुसाबाहेरच्या भिलाच्या भाषेला काय म्हणतो? मराठीने अहिराणीला जे ऐकवले तेच अहिराणीने भिलीला ऐकवलेले नाही का? शहाद्याच्या परिसरातून आलेल्या वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता गाजली ती उगीच नाही. कोणाचे दुःख कोण व्यासपीठावरून सांगतो, हा तिचा विषय. न्यायाची शिडी मधल्या पायरीवर थांबली की ती शिडी राहत नाही, ते नवे आसन होते.

३२/
मग मागायचे काय? वेगळे राज्य नाही, मराठीतून फारकतही नाही. चार साध्या गोष्टी.
एक : घरची भाषा पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी असलेल्या शाळांत पहिली ते तिसरी त्या भाषेचा आधार, आणि ती बोलणारे शिक्षक.
दोन : खानदेशातील भाषांसाठी शासनाची अकादमी, कर्नाटकाने तुळूला दिली तशी.
तीन : शिक्षक-प्रशिक्षणात स्पष्ट सूचना की ‘डोया’ ही चूक नाही, ती दुसऱ्या भाषेतली बरोबर गोष्ट आहे.
चार : जनगणनेत माणूस सांगेल तेच नाव लिहिणे.

३३/
यातले काहीही क्रांतिकारक नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगतो. २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरची भाषा सुचवते. हिंदीसक्तीविरुद्धच्या लढ्यात याच धोरणाची ही ओळ मराठीच्या बाजूने वाचून दाखवली गेली. ती ओळ तापीकाठीही वाचता येते.

३४/
भाषा की बोली, हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी खुशाल आणखी शंभर वर्षे चालवावा. मुलाचा हक्क त्या निकालाची वाट पाहत बसू शकत नाही. कलम ३५०-क मधील शब्द ‘मातृभाषा’ आहे, आणि मुलाची मातृभाषा म्हणजे आई जी बोलते ती. अनुसूचीचा क्रमांक त्यानंतर येतो.

३५/
३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजातपणाची परीक्षा जुन्या शिलालेखांत जशी असते तशी आपल्याहून लहान भाषेशी वागण्यातही असते. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. खानदेशातील घरांच्या दारात प्रगणक येईल आणि मातृभाषा विचारील. उत्तर देणाऱ्याने संकोच करू नये, लिहिणाऱ्याने दुरुस्ती करू नये, आणि महाराष्ट्राने तो आकडा आपल्याविरुद्धचा पुरावा समजू नये. दिल्लीकडे मागितलेला न्याय महाराष्ट्राला खरोखर मान्य आहे की नाही, हे तो आकडा छापून आल्यावर राज्य काय करते त्यावरून ठरेल.

(धागा समाप्त)